लेखनसीमा

तंजावरच्या राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालयाचे जे लहानसे संग्रहालय आहे, तेथे काही जुनी मुखचित्रे मांडलेली आहेत. एका बाजूस बैलाचे किंवा सिंहाचे मुख आणि दुसऱ्या बाजूस त्याच्याशी विलक्षण साम्य असलेले माणसाचे मुख. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारचा चित्रकार शार्ल ल ब्रँ (१६१९–१६९०) याची ही रेखाटने. माणसाचा स्वभाव त्याच्या चेहऱ्याच्या ठेवणीत उमटलेला असतो आणि जाणत्याला तो तेथून वाचता येतो, अशी त्यामागची धारणा होती. पुढे ती शास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. तरीही त्या चित्रांसमोरून पाय लवकर निघत नाही, कारण समोरच्याच्या अंतःकरणात काय चालले आहे हे त्याच्या संमतीची वाट न पाहता जाणून घेण्याची मनुष्याची इच्छा किती पुरातन आहे, याची ती साक्ष आहेत.

ज्यांच्या संग्रहातून ही चित्रे आपल्यापर्यंत आली ते दुसरे सरफोजी महाराज १७९८ मध्ये गादीवर बसले आणि १८३२ मध्ये निवर्तले. १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला आणि महाराजांकडे किल्ला व त्याच्या भोवतालचा प्रदेश तेवढा राहिला. परंतु त्या किल्ल्याच्या तटाआड त्यांनी ग्रंथ जमविले, देवनागरीचा छापखाना घातला, धन्वंतरी महालात औषधींचे प्रयोग करविले आणि नेत्ररोग्यांवर झालेल्या उपचारांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, लिहून ठेवविल्या. त्या नोंदी आजही ग्रंथालयात आहेत. कोणता रोगी, कोणता डोळा, काय विकार, काय उपाय, पुढे काय झाले, असा सारा तपशील त्यांत आहे. परंतु त्या काळच्या वैद्याची दृष्टी डोळ्याच्या बाहुलीपाशी येऊन थांबत होती, आणि तिच्यामागे जे आहे ते रोग्याचे रोग्यापाशीच राहत होते.

बाहुलीमागचा तो प्रदेश आता मोजणीस निघाला आहे, आणि मी तंजावरास आलो तो याच प्रश्नाचे ओझे घेऊन. गेल्या काही वर्षांत मेंदूतील विद्युत्-स्पंदनांचे अक्षरांत रूपांतर करणारी यंत्रे प्रयोगशाळांत सिद्ध झाली आहेत, त्यांच्यासंबंधी पाश्चात्त्य देशांत कायदे होऊ लागले आहेत, आणि 'मानसिक खाजगीपणा' हा शब्दप्रयोग न्यायनिर्णयांतून दिसू लागला आहे. हे सारे वाचीत असता मला सतत असे वाटत राहिले, की हा प्रश्न परक्या कायद्याच्या परिभाषेत मला पुरता आकळत नाही. आपल्या दफ्तराच्या भाषेत तो मांडून पाहिला पाहिजे. आणि मराठी दफ्तर, मराठी मुलखापासून इतक्या दूर, इतक्या निष्ठेने जतन झालेले, तंजावरखेरीज अन्यत्र कोठे पाहावयास मिळणार? या ग्रंथालयात मोडी कागदांचे १३४२ गठ्ठे नोंदलेले आहेत. त्यांतील कागदांची तमिळ भाषांतरे येथल्याच तमिळ विद्यापीठाने छापली आहेत.

यंत्रांची हकीकत प्रथम सांगतो. १९२४ मध्ये जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने मनुष्याच्या मेंदूतील विद्युत्-तरंग प्रथम टिपले; परंतु डोक्याच्या कवटीबाहेरून ऐकू येणारा तो नाद म्हणजे भिंतीपलीकडच्या बाजारचा कोलाहल, त्यातून एकेकाचे बोलणे वेगळे काढणे दुष्कर. खरी प्रगती झाली ती कवटीच्या आत विद्युदग्रे बसविता आल्यानंतर. जीभ, ओठ, कंठ आणि हात यांना हालचालीचा हुकूम मेंदूच्या ज्या भागातून सुटतो, त्या भागात हे सूक्ष्म खिळे बसविले, म्हणजे अवयव निकामी झालेला असला तरी त्याच्या नावे सुटणारा हुकूम पकडता येतो, कारण तो हुकूम अर्धांगवायूनंतरही मेंदूत निघतच असतो. वाटेत तुटतो एवढेच. २०२१ मध्ये स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी, मानेखाली सर्व शरीर लुळे पडलेल्या एका गृहस्थास, आपण कागदावर अक्षरे लिहीत आहोत अशी मनोमन खटपट करावयास सांगितले, आणि त्या न हललेल्या हाताची अक्षरे मिनिटाला ९० या वेगाने पडद्यावर उमटली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे एडवर्ड चँग यांच्या चमूने, वाचा गेलेल्या एका मनुष्याचे ५० शब्दांच्या मर्यादेतले बोलणे मेंदूतून वाचले. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्नायू क्षीण करणाऱ्या असाध्य व्याधीने ज्याचे उच्चार कोणालाच कळेनासे झाले होते, असा एक रोगी २५६ विद्युदग्रांच्या साह्याने, सव्वा लाख शब्दांच्या भांडारातून, ९७.५ टक्के अचूकतेने बोलू लागला. आणि संगणकाने ते शब्द उच्चारले ते आजारापूर्वीच्या त्याच्या स्वतःच्या आवाजाशी जुळवून घेतलेल्या आवाजात. हे वाचताना ज्याचे मन हेलावणार नाही असा मनुष्य विरळा. पुढे जी शंका मी व्यक्त करणार आहे ती या विद्येच्या द्वेषातून आलेली नाही, हे वाचकांनी कृपा करून ध्यानात ठेवावे.

मात्र ९७.५ टक्के या आकड्यापाशी मराठी माणसाने क्षणभर थांबलेच पाहिजे. चाळीस शब्दांत एक शब्द चुकतो, असा त्याचा अर्थ. यंत्र मेंदूतून थेट वाक्य उचलीत नाही. ते स्पंदनांवरून ध्वनींचा अदमास करते, आणि त्या ध्वनींपासून कोणता शब्द, कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द संभवतो, हे अफाट मजकूर वाचून तयार झालेली भाषेची प्रणाली ठरविते. उमटलेल्या वाक्यात काही भाग माणसाचा आणि काही यंत्राच्या तर्काचा असतो, आणि दोहोंमधली शिवण डोळ्यांना दिसत नाही. मोडी वाचणाऱ्यास हे संकट जन्मापासून ठाऊक आहे. आधी रेघ ओढावयाची आणि तिच्याखाली बोरू होता होईल तो न उचलता अक्षरे ओवीत जावयाचे; ऱ्हस्वदीर्घाचा विचार नाही, शब्दाशब्दांत जागा नाही; वाचणारा पूर्वापर संबंध पाहून, घराण्याची आणि गावाची नावे आठवून, अदमासाने पुढे सरकतो. आणि अदमास चुकला, किंवा कोणी जाणूनबुजून चुकविला, तर काय होते हे आपल्याला १७७३ पासून 'ध'चा 'मा' या दोन अक्षरांनी शिकविले आहे. ती हकीकत इतिहासाच्या निकषावर कितपत टिकते हा वाद निराळा. 'धरावे'चे 'मारावे' झाल्याने एका तरुण पेशव्याचा प्राण गेला, ही आठवण आपल्या भाषेने अडीचशे वर्षे सांभाळली आहे. ज्याचे अक्षर आहे तो उठून 'मी असे लिहिले नव्हते' असे म्हणू शकतो. ज्याच्या मनातूनच अक्षर काढले, तो काय म्हणणार?

दफ्तराची दुसरी शिकवण याहून मोलाची आहे. आपल्या कचेऱ्यांत कागद जन्माला येताना आधी मसुदा होई. मसुद्यात खाडाखोड चाले, एक वाक्य घातले जाई, दुसरे काढले जाई, रागाच्या भरात लिहिलेला शब्द रात्र उलटल्यावर सौम्य होई. मग साफ प्रत, मग रुजुवात, आणि सर्वांत शेवटी, मजकूर जेथे संपला तेथे, मोर्तबाचा शिक्का. पुष्कळशा मोर्तबांवर 'लेखनसीमा' हाच शब्द कोरलेला असे. येथवर माझे, याच्यापुढे कोणी एक अक्षर घातले तर ते माझे नव्हे, आणि हा शिक्का पडण्यापूर्वी जे काही होते तेही माझे म्हणून कोणी माझ्यासमोर धरू नये. मसुदा हा गुन्हा नाही आणि वचनही नाही. मनुष्याच्या मनात अहोरात्र जे चालते ते सर्व मसुदाच असते, असे मला वाटते. क्रोधाने उठलेला आणि क्षणात विरलेला संकल्प, कोणाविषयी आलेली हीन शंका, देवासमोर उभे असताना मनात डोकावलेली हिशेबाची आठवण, यांतल्या कशावरही आपण मोर्तब केलेले नसते. आणि यांतले काय बाहेर जावे व काय आतच विरावे, हे ठरविण्यातच माणसाचे शील घडत असते. समर्थांनी 'मनाचे श्लोक' रचले ते मनाला समजावण्यासाठी, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेचे मठ याच तंजावर प्रांती स्थापन झाले. मनाला समजावण्याचा अवसर मिळतो तो मन अद्याप बाहेर पडलेले नसते म्हणून.

बाळाजी आवजी चिटणिसांची आख्यायिका प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. शिवाजी महाराजांनी सांगितलेले पत्र दिवसभराच्या कामात लिहावयाचे राहून गेले, रात्री महाराजांनी ते वाचून दाखविण्याची आज्ञा केली, आणि चिटणिसांनी कोरा कागद हाती धरून सबंध पत्र घडाघडा वाचले; मशाल धरणारा हसला म्हणून गोष्ट उघडकीस आली. आजवर आम्ही ही कथा चिटणिसांच्या स्मरणशक्तीची म्हणून ऐकली. तंजावरच्या गठ्ठ्यांपुढे बसलो असता मला ती निराळीच वाटू लागली. कागद कोरा होता आणि पत्र मनात होते, तरी मनातून बाहेर ते आणले चिटणिसांच्या स्वतःच्या वाणीने. मशालजीला कागदाचे कोरेपण दिसले, चिटणिसांच्या मनाचे काही दिसले नाही.

तंजावरातील मेलवीथी या रस्त्याच्या आसपास अजून काही मराठी घरे आहेत. तमिळ शेजारी या मंडळींना 'रायर' म्हणतात. त्यांची मराठी आपल्याला एखाद्या जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी वाटते, आणि तिच्यात तमिळ शब्द इतके सहज मिसळलेले असतात की सांधा शोधूनही सापडत नाही. ज्या घरी मी उतरलो होतो तेथल्या आजींची जीभ आणि उजवे अंग दोन वर्षांपूर्वी लुळे पडले. बुद्धी शाबूत, ऐकणे उत्तम, डोळे तीक्ष्ण. वाचा मात्र नाही. घरच्यांनी एका फळीवर अक्षरे रंगवून ती त्यांच्या डाव्या हातापाशी ठेवली आहे. अक्षरे तमिळ आहेत, कारण या घरात मराठी बोलली जाते पण लिहिली जाते ती पिढ्यान्‌पिढ्या तमिळ लिपीत. आणि तमिळ लिपीत त, थ, द आणि ध या चारही वर्णांना एकच चिन्ह. त्यामुळे आजी मराठी शब्द जुळवू लागल्या, की भोवतीच्या माणसांना मोडी वाचणाऱ्यासारखाच अदमास करावा लागतो. अदमास चुकला तर त्या डोळे मिटून घेतात. बरोबर आला तर तळहात फळीवर सपाट ठेवतात. तळहात टेकला म्हणजे शब्द झाला. आणि या घराने एक नेम पाळला आहे, तो त्यांना कोणी शिकविलेला नाही: आजींनी चारदोन अक्षरे दाखवून तळहात न टेकताच हात उचलून घेतला, तर तो शब्द कोणी पुरा करीत नाही, त्याविषयी विचारीत नाही, आपापसांत बोलतही नाही.

आजी मनात कोणत्या भाषेत बोलत असतील, असे मी त्यांच्या थोरल्या मुलाला विचारले. हिशेब तमिळमध्ये, देव मराठीत, आणि राग आला म्हणजे दोन्ही, असे त्यांनी सांगितले. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच चमूने २०२४ मध्ये स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन भाषांचा एकच रोगी घेऊन, तो कोणत्या भाषेत बोलू पाहतो हे शब्दांच्या ओघावरून ओळखणारी प्रणाली सिद्ध केली आहे, तेव्हा हे काम अशक्य कोटीतले नव्हे. परंतु ज्या प्रणालीने इंग्रजीचा समुद्र पिऊन घेतला आहे, ती रायरांच्या मराठीतला अर्धा शब्द कशाने पुरा करील? तिच्या तर्काला पाठबळ देईल असा छापील मजकूर या बोलीत फारच थोडा. जेथे तर्क दुबळा तेथे चूक अधिक, आणि ती चूक पत्करावी लागेल ती ज्याची भाषा लहान आहे त्याला.

आता अशा एका प्रकरणाकडे वळतो, जे परदेशात घडले नाही. १२ जून २००८ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाने झालेल्या एका खुनाबद्दल व्यवस्थापनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीस आणि तिच्या पतीस जन्मठेप दिली. पुराव्यांत एक अहवाल होता तो तिच्या मेंदूच्या चाचणीचा. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत पूर्वी चिकित्सा-मानसशास्त्राचे विभागप्रमुख राहिलेले चंपादी रामन मुकुंदन यांनी ही पद्धती विकसित केली होती. डोक्यावर विद्युदग्रांची टोपी घालून मनुष्याने स्वस्थ, निःशब्द बसावयाचे. त्याच्यापुढे गुन्ह्याच्या कथेतील वाक्ये प्रथमपुरुषात, 'मी अमुक केले' अशा रीतीने, वाचली जावयाची. आणि मेंदूच्या तरंगांवरून संगणकाने ठरवावयाचे, की हे त्याने केवळ ऐकले आहे की स्वतः अनुभवले आहे. तिने चाचणीस संमती दिली होती; पण पोलिसांच्या चौकशीत अडकलेल्या माणसाच्या संमतीचे वजन किती धरावे? ती एक शब्दही बोलली नाही; बोललेली वाक्ये सर्व दुसऱ्यांची होती; आणि तरीही त्या मौनाचा कागद करून त्यावर तिच्या नावाचे मोर्तब मारले गेले. त्याच वर्षी बंगळूरच्या त्याच संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धती शास्त्रशुद्ध नसल्याचा आणि न्यायालयात पुरावा म्हणून तिचा उपयोग करू नये असा अभिप्राय दिला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून त्या दोघांना जामीन दिला. गुन्हा घडला की नाही, कोणी केला, याविषयी मी येथे अवाक्षर काढू इच्छीत नाही. माझी व्यथा निराळी आहे: जगात इतरत्र जे यंत्र प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर चाचपडत होते, ते आमच्या महाराष्ट्रात न्यायासनासमोर साक्षीला उभे राहिले, आणि त्या बातमीने समाजाची झोप मोडली असे काही दिसले नाही.

झोप मोडली ती सर्वोच्च न्यायालयाची. ५ मे २०१० रोजी 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या निर्णयात सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या पीठाने, गुंगीचे औषध देऊन चौकशी, खोटेपणा शोधणारे यंत्र आणि मेंदूची चाचणी, हे तिन्ही प्रकार मनुष्याच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाहीत असे ठरविले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे संविधानाच्या २० व्या अनुच्छेदातील तत्त्व. त्या तत्त्वाला २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याची जोड देऊन न्यायालयाने असे प्रतिपादिले, की बोलावे की गप्प राहावे हा निर्णय व्यक्तीच्या खाजगी क्षेत्रातला आहे आणि तेथे इतरांचा शिरकाव होता कामा नये. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. चिली देशाने २०२१ मध्ये मेंदूच्या क्रियेतून मिळणाऱ्या माहितीचे रक्षण आपल्या संविधानातच घातले, आणि २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, डोक्याला लावावयाचे यंत्र विकणाऱ्या एमोटिव्ह या कंपनीस, एका माजी सिनेटरच्या मेंदूची जमा केलेली माहिती पुसून टाकण्याचा हुकूम दिला. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये अशा माहितीला कायद्याचे संरक्षण दिले. युनेस्कोने नोव्हेंबर २०२५ मध्ये या विषयाची नीतितत्त्वे स्वीकारली. आपल्याकडील २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात मात्र संवेदनशील माहितीचा निराळा वर्गच नाही. मेंदूचे स्पंदन आणि दुकानात दिलेला पत्ता, दोहोंना एकच कलम. सेल्वी निर्णयाची ढाल फौजदारी चौकशीपुढे आहे; कचेरीत, शाळेत किंवा बाजारात कोणी हौसेने म्हणून पट्टा डोक्याला लावावयास दिला, तर तेथे ती कितपत पुरेल?

वास्तविक संशोधकांनाच हे भान अधिक आहे असे दिसते, आणि ते मला फार आश्वासक वाटते. २०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठात शस्त्रक्रियेवाचून, केवळ एमआरआय यंत्राच्या साह्याने, ऐकलेल्या कथेचा गोषवारा मेंदूतून काढण्यात आला. त्यासाठी प्रत्येक व्यक्तीला १६ तास त्या यंत्रात पडून कथा ऐकाव्या लागल्या, आणि तिने मनात प्राण्यांची नावे घोळविली तर यंत्र गोंधळून जाई, हेही संशोधकांनी स्वतः तपासून छापले. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या चमूने त्याहून पुढची गोष्ट मांडली. जे रोगी बोलण्याची खटपटही करीत नव्हते, नुसते मनात म्हणत होते, त्यांचे शब्द ७४ टक्क्यांपर्यंत वाचता आले. आणि पडद्यावरच्या आकृत्या ते मनात मोजीत असता, ती न सांगितलेली मोजणीही यंत्राच्या कानावर गेली. हे आढळताच त्यांनी प्रणालीला कुलूप घातले: रोग्याने ठरलेला एक परवलीचा वाक्यांश मनात उच्चारल्यावाचून यंत्राने काहीच टिपावयाचे नाही, आणि तो वाक्यांश यंत्राने ९८ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखला. अर्थात आपण ज्याला मोर्तब म्हणतो तेच ते, फक्त पत्राच्या अखेरीऐवजी आरंभी आलेले. तथापि ते मोर्तब माणसाच्या हाती राहील की यंत्र विकणाऱ्याच्या, हे प्रयोगशाळा ठरवू शकत नाही. ते कायद्यानेच ठरविले पाहिजे, आणि ती मागणी आपण आजच, यंत्रे दारात येण्यापूर्वी, केली पाहिजे असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बृहदीश्वराच्या मंदिरात गेलो. तेथे आवारातील भिंतीवर सरफोजी महाराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले आहे. आडव्या ओळींमागून ओळी, शिळांमागून शिळा, हात फिरवीत चालावे आणि संपू नये असा तो विस्तार. जगाला जे सांगावयाचे होते ते महाराजांनी दगडात घातले. कारभारास जे लागत होते ते मोडी कागदांत राहिले. राज्य हातचे गेलेल्या त्या विद्याव्यसनी राजाच्या मनात, त्या तटाआडच्या दीर्घ रात्रींत, आणखी जे काही चालले असेल ते दगडातही नाही आणि गठ्ठ्यांतही नाही.

घरी परतलो तेव्हा दिवे लागले होते. मी उद्या जाणार हे आजींना सांगितले, तसा त्यांनी डावा हात फळीकडे नेला. बोट त्या चार वर्णांच्या एका चिन्हावर आले, मग दुसऱ्या अक्षरावर, मग पुन्हा पहिल्यावर. मी मनात शब्द जुळवू लागलो. तीन-चार शब्द संभवत होते. आजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले, आणि मग हात हळूच उचलून मांडीवर ठेवला. सूनबाईंनी फळी उचलून कोनाड्यात ठेवली आणि आम्हाला जेवावयास हाक मारली.